हौदातला निकाल

लांब उडीच्या हौदात दोन मुलांना उतरवायचे. जो आधी लाकडी कडेवर येऊन बसेल त्याची चूक. शिस्तप्रमुख रामेश्वर निकम सरांची ही न्यायपद्धती शाळेत काही वर्षे सुरू होती आणि तिच्याविरुद्ध एकाही पालकाने तक्रार केलेली नव्हती.

तक्रार का नव्हती, हे समजायला शाळांची रचना माहीत असायला हवी. शारजाच्या बाहेरच्या वसाहतीत भारतीयांच्या एका ट्रस्टची मोठी शाळा होती आणि आत धैदच्या बाजूला, मळे आणि डोंगर यांच्या मधल्या गावांत, त्याच ट्रस्टच्या चार लहान शाळा. लहान शाळा आठवीला संपत. पुढे तिकडची मुले बसने मोठ्या शाळेत येत. सकाळी मुलींची शाळा, दुपारी मुलांची. शहरातल्या मुलांचे वडील दुबईच्या देऱ्यात, करामात किंवा इकडच्या हमरिया फ्री झोनमध्ये ऑफिसात बसणारे. धैदकडच्या मुलांचे वडील मळ्यावरचे मुकादम, गॅरेजवाले, शिंपी. मळ्याला तिथे मजरा म्हणतात, म्हणून शहरी मुले त्यांना ‘मजरे’ म्हणत. उत्तरादाखल बेल्टचे बक्कल निघे. कंपासचे टोक मांडीत जाई. एकदा एकाने दुसऱ्याची बोटे बसच्या दारात धरून दार ओढून घेतले होते.

असे प्रकरण वर कळवले की पोलीस येत, पोलीस आले की बापाचा पासपोर्ट मागत, आणि त्यात काय निघेल याची खात्री फार थोड्या बापांना होती. “मारा सर, हाडं मोडा, पण पोलीस नको,” असे मुलाला घेऊन आलेला बापच निकम सरांना सांगे. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या निकम सरांनी त्या विनवणीची पद्धत बसवली. शुक्रवारी सुट्टी, म्हणून गुरुवारी अर्ध्या दिवसाने शाळा सुटली की हौद. मूठ चालेल, लाथ चालेल. डोळे, चावा आणि हत्यार चालणार नाही. कडेवर बसला तो हरला. ज्याच्या बाजूचा माणूस मध्ये उतरेल तोही हरला. हा दुसरा नियम केला नसता तर हौदात दोनऐवजी चाळीस मुले दिसली असती.

पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या उल्हास पेंढरकरला ही पद्धत मान्य नव्हती, पण तो तिच्याविषयी खोटे बोलत नसे. हौदामुळे बसपाशी होणाऱ्या मारामाऱ्या कमी झाल्या, हे विधान त्याला मान्य होते. ते त्याने पाहिले होते. हौदात जिंकला तो खरा, हे विधान वेगळे होते आणि त्याला कसलाही आधार नव्हता. हा फरक तो स्टाफरूममध्ये समजावून सांगे आणि निकम सर चहात बिस्किट बुडवत ऐकून घेत.

“पेंढरकर सर, खऱ्याच्या अंगात बळ येतं. तुमच्या यंत्रात नाही दिसायचं ते.”

“आणि बळ कमी पडलं तर?”

“तर तो खरा नव्हता.”

“म्हणजे तुमचा निकाल कधी चुकूच शकत नाही.”

“नाहीच चुकत!” निकम सर खूश होऊन म्हणाले. आपले म्हणणे अखेर या माणसाला पटले, असे त्यांना वाटले असावे.

दोन हजार सालच्या जानेवारीत एका दुपारी मुलींची बस फाटकाबाहेर पडून शाळेच्या भिंतीलगत थांबली होती. तिच्या खिडकीतून मुठीएवढा दगड आत आला. दहावीतली मिहिका ढवळे त्या खिडकीशी बसली होती. दगड आणि काच एकदमच तिच्या उजव्या डोळ्यावर आले. मुलींनी तिला खाली उतरवले तेव्हा तिने दोन्ही हात चेहऱ्यावर दाबून धरले होते आणि “डोन्ट टच, डोन्ट टच” एवढेच ती म्हणत होती. बोटांमधून रक्त येत होते आणि रक्ताबरोबर पाण्यापेक्षा थोडे दाट असे काही. ते काय आहे हे तिथे धावत आलेल्या उल्हासला माहीत होते. डोळ्याच्या आतला द्रव एकदा बाहेर आला की परत भरता येत नाही. संध्याकाळी डॉक्टरांनी डोळा काढला.

इस्पितळात ‘ब्रेक लागला, काच फुटली’ असे सांगण्यात आले. ट्रस्टने त्याच दिवशी बसला नवी काच बसवली, सीट धुतली आणि दगड फेकून दिला. हे कुणाला वाचवण्यासाठी केले असे नाही. अपघात झाला की आधी खुणा पुसायच्या, ही त्या शाळांची सवयच होती.

मिहिकाचे वडील, किसन ढवळे, हमरियातल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत. शांत माणूस. मुलीला घरी आणल्यावर ते ट्रस्टच्या कार्यालयात आले आणि खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

“मला नाव पाहिजे. नाव द्या, मी घरी जातो. नाही दिलंत तर पोलिसात जातो.”

ट्रस्टचे चिटणीस धनंजय सबनीस यांचे देऱ्यात ट्रेडिंगचे ऑफिस होते. त्यांचा मुलगा रोनित दहावीतच होता आणि नाव त्यानेच दिले. “आय सॉ हिम, डॅड. इद्रीस परकार. मजरा बसवाला. ही थ्रू इट.”

इद्रीस हा शाळेच्या संघातला वेगवान गोलंदाज. आदल्याच आठवड्यात रोनित आणि त्याच्या मित्रांनी त्याचे डोके संडासाच्या भांड्यात दाबून वरून पाणी सोडले होते, आणि ओल्या केसांनी बाहेर येऊन ‘तुमच्या बसा फोडतो’ असे तो सगळ्यांदेखत ओरडला होता. फेकणारा हात आणि सूड, दोन्ही तयार मिळाले. इद्रीसचे नाव शाळेतून कमी करावे आणि तेच नाव ढवळ्यांना द्यावे, असे धनंजयनी सुचवले.

विरोध केला तो निकम सरांनी. “असं कसं साहेब? मार्चात बोर्डाची परीक्षा आहे. एक म्हणतो बघितलं, एक म्हणतो नाही फेकला. दोघांनाही हौदात उतरवू. परकार जिंकला तर त्याचं हॉल तिकीट त्याला द्यायचं. हरला तर खलास.”

निकम सरांच्या हिशेबात ही दया होती. धनंजयनी ती लगेच मान्य केली. रोनित इद्रीसपेक्षा डोकेभर उंच होता आणि करामातल्या कराटे क्लासला जात होता.

उल्हासला हे कळले तेव्हा तो मुलींच्या बसचा ड्रायव्हर शौकत याला भेटून आला होता. तो सरळ मुख्याध्यापिका विनिता मॅडमच्या केबिनमध्ये गेला.

“मॅडम, मिहिकाचा उजवा डोळा गेलाय. ती उजव्या खिडकीशी बसली होती आणि बसच्या उजव्या हाताला आपली भिंत होती. दगड भिंतीकडून आला. धैदची बस रस्त्यापलीकडे, डाव्या हाताला होती आणि तिचं दारही उघडलेलं नव्हतं. शौकतने पाहिलंय. तिच्यातून फेकलेला दगड उजव्या खिडकीतून आत येऊ शकत नाही.”

“भिंतीपाशी कोण होतं?”

“शहरातली मुलं. त्यांच्यात कुणी फेकला ते मला माहीत नाही, मी पाहिलेलं नाही. इद्रीसने फेकला नाही, एवढंच सिद्ध होतं.”

“शौकत हे पुढे येऊन बोलेल?”

“नाही. त्याला नोकरी आहे. मी बोलेन. पोलिसांपुढे बोलेन.”

विनिता मॅडम उठल्या आणि त्यांनी दार लावून घेतले.

“पेंढरकर, इद्रीस आणि त्याची आई व्हिजिट व्हिसावर आली होती. पोरगा तेव्हा दुसरीत होता. ती परत गेलीच नाहीत. बापाचा व्हिसा मळ्यावरच्या मजुराचा; त्याच्यावर बायको-मुलं आणता येत नाहीत. धैदच्या हेडमास्तरांनी दया येऊन पोराला वर्गात बसवलं, आणि मग आपण सगळ्यांनीच डोळेझाक केली. तुम्ही पोलिसांना खरं सांगा. त्यांना ते पटेलसुद्धा. आणि मग ते त्या पोराला जबानीला बोलावतील.”

“मग?” उल्हासने विचारले.

“आधी जेल, मग विमान,” मॅडम म्हणाल्या. “तिघांनाही.”

त्या संध्याकाळी शाळा सुटल्यावर इद्रीस बसच्या सावलीत दप्तरावर बसला होता. त्याने सरांचे सगळे ऐकून घेतले. उजवी खिडकी, भिंत, बंद दार. ते ऐकून त्याला आनंद झाल्याचे दिसले नाही.

“सर, हे कुणाला बोलू नका. आई घरातून बाहेर पडत नाही, माहीताय तुम्हाला? पाण्याचा टँकर आला तरी शेजारची बाई जाते. मार्चपर्यंत कसंही जाऊ द्या. दहावी झाली की आम्ही जाणारच आहोत, दंड भरू, काय ते करू. दापोलीला मामा आयटीआयला घालतो म्हणालाय. पण दहावी पाहिजे.”

“आणि तू हरलास तर?”

“नाही हरणार.”

“कशावरून?”

“कशावरून नाही, सर. पण दुसरं काय आहे?” तो उठून उभा राहिला. “आणि मी मार खाल्ला तरी मध्ये येऊ नका. तुम्ही माझ्या बाजूचे आहात हे सगळ्यांना माहीताय. तुमचा पाय वाळूत पडला की मी खलास.”

गुरुवारी ऊन चांगले होते. हौदातली वाळू चाळलेली होती. चहूकडे वाळूच असलेल्या देशात ट्रस्टने ती विकत आणली होती. एका लांब कडेला धैदची मुले दाटीने उभी राहिली, समोर शहरातली. दोघांनी बूट काढले. निकम सरांनी नखे तपासली, खिसे उलटे करून घेतले आणि शिट्टी वाजवली.

रोनितची पहिली लाथ इद्रीसच्या मांडीवर बसली, दुसरी बरगडीवर. तिसरी कुठे बसली ते उल्हासला दिसले नाही. इद्रीस वाळूत गेला होता. तो उठण्याआधी रोनितने त्याचे केस धरून तोंड वाळूत घासले. वर आलेल्या चेहऱ्यावर वाळू रक्ताने चिकटली होती आणि भुवईची कातडी सुटून डोळ्यावर लोंबत होती.

“बस ना, मजरे! बस!”

“कडेपे आजा हबीबी, चाय पिलाते!”

“इद्रिसा, पाय धर त्याचा! पाय!”

इद्रीसला लढता येत नव्हते. त्याला फक्त सोसता येत होते, आणि ते तो इतक्या सावकाश करत होता की बघणाऱ्यांना कंटाळा येऊ लागला. रोनित लाथ मारी, मागे सरे, श्वास घेई. प्रत्येक वेळी श्वास थोडा लांबत होता. उल्हासला ते दिसले आणि इद्रीसलाही दिसले असावे. कारण पुढची लाथ आली तेव्हा त्याने ती अडवली नाही. बरगडीवर घेतली आणि तो पाय काखेत आवळून पुढे कोसळला.

रोनित पाठीवर पडला, इद्रीस त्याच्या छातीवर. पहिल्या ठोशाने रोनितचे नाक आडवे झाले. दुसरा कपाळाच्या हाडावर बसला आणि काहीतरी मोडल्याचा आवाज आला. मोडले होते ते इद्रीसच्या हाताचे हाड. त्याने हात झटकला, त्याच्याकडे पाहिले आणि कोपराने मारायला सुरुवात केली. रोनितने हात वर करून चेहरा झाकला तेव्हा तो उठला आणि दोन्ही गुडघे जोडून त्याच्या पोटावर पडला. मग पुन्हा उठला आणि पुन्हा पडला.

शहरी मुलांचा आवाज थांबला.

“सर, तो हरला,” त्यांच्यातला एक म्हणाला. “सर, थांबवा ना.”

“बसलेला नाही,” निकम सर म्हणाले. “पडलाय. पडणं म्हणजे बसणं नाही. कडेवर ये रे सबनीस! सरक मागे!”

रोनितने सरकायचा प्रयत्न केला. त्याची टाच वाळूत दोनदा उकरली गेली आणि थांबली. तो रडत नव्हता, ओरडत नव्हता. त्याच्या ओठांचा रंग गेला होता, कपाळावर बारीक घाम होता आणि तो जांभई देत होता. कंटाळलेल्या माणसासारखी, संथ जांभई.

मार खाणारा मुलगा जांभई का देतो, याचे उल्हासला एकच उत्तर सुचले: रक्त आत कुठेतरी वाहत होते आणि मेंदूला कमी पडत होते. आता आणखी एकदा ते गुडघे पडले तर हा मुलगा मरेल. हा अंदाज होता, खात्री नव्हती. पण खात्री करून घेण्याचा मार्ग एकच होता आणि तो इद्रीसच्या गुडघ्यांतून जात होता. कडेवरून मारलेली हाक इद्रीसला ऐकू गेली नाही. उल्हासने दुसऱ्यांदा हाक मारली; मग निकम सरांचा दंड धरला.

“थांबवा. तो मरेल.”

“नियम आहे सर. मला मोडता येत नाही. तुम्हाला उतरायचं तर उतरा, पण मग—”

“माहीत आहे.”

तो उतरला. त्याने इद्रीसला मागून काखेत हात घालून उचलले आणि इद्रीसने न बघता कोपर मागे मारले. उल्हासचे नाक फुटले. तोंडात रक्त आले तरी त्याने पकड सोडली नाही. मग इद्रीसने मान वळवली आणि कुणी धरले आहे ते पाहिले.

“सर,” तो म्हणाला. “सर, का उतरलात? जिंकलो होतो ना मी. सर!” त्याने डाव्या हाताने उल्हासच्या छातीवर मारले, पुन्हा मारले, आणि मग तसाच वाळूत बसून मोडका हात पोटाशी धरून हुंदके देऊ लागला.

निकम सरांनी शिट्टी वाजवली. “परकार हरला,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता; पण संशयही नव्हता.

रोनितची प्लीहा फुटली होती. इस्पितळात नेईपर्यंत त्याचे पोट फळीसारखे कडक झाले होते. शस्त्रक्रिया होऊन तो वाचला. आणखी थोडा वेळ गेला असता तर वाचला नसता, असे सर्जन म्हणाले. बाहेर बाकावर उल्हास नाकात कापूस घालून बसला होता. मुलगा मारहाणीत जखमी झाल्यासारखा दिसला की इस्पितळ पोलिसांना कळवते. त्याप्रमाणे एक पोलीस आत आला होता आणि काउंटरवर विचारपूस करत होता.

धनंजय देऱ्याहून आले ते घामाघूम. त्यांनी आधी सर्जनना गाठले, मग उल्हासला.

“जिन्यावरून पडला,” ते हळू आवाजात म्हणाले. “तुम्ही प्रत्यक्ष होतात. तुम्हीच सांगा.”

“आणि माझं नाक? मीही त्याच जिन्यावरून पडलो?”

“पेंढरकर, मस्करीची वेळ आहे का ही?”

“नाही. म्हणूनच विचारतो. मी पोलिसांना हौद सांगू शकतो. हौद का झाला तेही सांगू शकतो. बसची उजवी खिडकी, भिंत, आणि त्या वेळी भिंतीपाशी कोण कोण होतं याची चौकशी ते करतीलच.”

धनंजयनी त्याच्याकडे पाहिले. आपल्या मुलाविषयी त्यांना काय माहीत होते आणि काय नव्हते, हे त्या चेहऱ्यावरून ठरवणे शक्य नव्हते.

“तुमचा तो इद्रीस आत जाईल. आईसकट.”

“जाईल. रोनितबरोबर.”

“तुम्ही असं करणार नाही.”

“करीन की नाही हे मलाही माहीत नाही,” उल्हास खरेच बोलला. “तुम्हाला पाहायचं असेल तर पाहू.”

पोलीस काउंटरवरून वळला.

“काय पाहिजे तुम्हाला?” धनंजय म्हणाले.

“त्याचं हॉल तिकीट.”

“आणि खिडकीबद्दल गप्प राहायचं. ढवळ्यांपाशीसुद्धा. कायम.”

उल्हासने होकार दिला. पोलिसाने विचारले तेव्हा तो ‘जिना’ म्हणाला, किती पायऱ्या हे विचारल्यावर पायऱ्याही सांगितल्या. पोलिसाने मान हलवली. आयुष्यभर पुरावा मागत आलेल्या माणसाकडे कुणी पुरावा मागितला नाही.

इद्रीसच्या तळहातामागची दोन हाडे मोडली होती. त्याच्यापाशी हेल्थ कार्ड नव्हते, तेव्हा इस्पितळाचा प्रश्न नव्हता. उल्हासने धैदला जाऊन एका ओळखीच्या कंपाउंडरकडून प्लास्टर घालून घेतले. परकारांच्या खोलीत पडदे ओढलेले होते. मैमुनाबी, इद्रीसची आई, बाहेरून गाडीचा आवाज आला की बोलायची थांबे आणि आवाज लांब गेला की तेच वाक्य पुढे चालू करी.

“तुमच्यावर रागावलाय तो, सर. पण लिहायचं शिकतोय डाव्या हाताने. ल काढला की उलटा पडतो.”

“मी रागावलेलो नाही,” आतून आवाज आला.

“मग बाहेर ये.”

तो बाहेर आला नाही.

उल्हासने जे विकले होते त्याचा परिणाम पुढच्या आठवड्यांत दिसू लागला. हौदाचा निकाल धैदपासून देऱ्यापर्यंत पोहोचला होता. इद्रीस परकार हरला, म्हणजे दगड त्यानेच मारला. ज्यांनी ती मारामारी डोळ्यांनी पाहिली तीही मुले आता असेच म्हणत होती, आणि त्यांना त्यात काही विसंगत वाटत नव्हते. धैदच्या बसमधली, बंद दाराआड बसलेली दोन-तीन मुलेही विचारात पडली होती. “कदाचित खिडकीतून मारला असेल त्यानं,” त्यांच्यातला एक उल्हासला म्हणाला. तो त्या दिवशी इद्रीसच्या शेजारच्या सीटवर होता.

किसन ढवळ्यांनाही धनंजयनी ते नाव कळवले, रोनितने पाहिले असे सांगून. ते आता कार्यालयात आले नाहीत, पोलिसातही गेले नाहीत. नाव मिळाले की घरी जाईन, असे ते म्हणाले होते.

परीक्षेचा पहिला पेपर सकाळी होता. मुले-मुली एकाच केंद्रावर, वेगवेगळ्या वर्गांत. मिहिका काळा चष्मा लावून आईबरोबर येऊन आधीच आत गेली होती. धनंजयची पांढरी गाडी फाटकाच्या पुढे थांबली. रोनित एक हात पोटाला लावून उतरला आणि आत गेला. धनंजय गाडीशीच फोनवर बोलत राहिले. फाटकात निकम सर हॉल तिकिटे तपासत होते.

धैदची बस आली. इद्रीस सगळ्यांत शेवटी उतरला. उल्हास त्याला घ्यायला रस्त्यापर्यंत गेला होता, कारण त्याच्या वर्गावर आज तोच पर्यवेक्षक होता आणि डाव्या हाताने लिहायला लागणाऱ्या वेळाविषयी त्याला केंद्रप्रमुखांशी बोलायचे होते. तेवढ्यात बाजूच्या गाडीआडून किसन ढवळे आले. त्यांच्या हातात गाडीच्या जॅकचा दांडा होता.

ते ओरडले नाहीत. पहिला फटका इद्रीसच्या खांद्यावर बसला आणि तो गुडघ्यांवर आला. दुसरा त्याने प्लास्टरवर घेतला. प्लास्टर तडकले आणि त्याच्या तोंडातून जो आवाज निघाला तो ऐकून फाटकातली मुले मागे सरली. तिसऱ्यासाठी दांडा वर गेला तेव्हा उल्हास मध्ये शिरला आणि त्याने तो दोन्ही हातांनी धरला.

“सोडा, सर,” ढवळे म्हणाले. त्यांचा चेहरा ओला होता. “तुम्हाला मारायचं नाही मला. याचा एक डोळा मला पाहिजे. एकच.”

“याने मारला नाही.”

“हरलाय तो! सगळी शाळा सांगते.”

“मिहिका कुठल्या बाजूला बसली होती?”

“काय?”

“तुम्ही तिचे वडील आहात. तिचा कुठला डोळा गेला? बस फाटकातून बाहेर पडून थांबते तेव्हा त्या बाजूला काय असतं? बघा. आत्ता बघा, तिथेच उभी आहे मुलींची बस.”

ढवळ्यांनी पाहिले. बसचे दार, त्यामागची खिडकी, खिडकीला लागून शाळेची भिंत.

“आणि याची बस पलीकडे होती,” उल्हास म्हणाला. “दार बंद होतं. भिंतीकडे कोण होतं ते मी पाहिलेलं नाही, आणि जे पाहिलं नाही ते मी सांगणार नाही. पण याचं नाव तुम्हाला कुणी दिलं, ते तुम्हाला माहीत आहे.”

स्टोअर सांभाळणाऱ्या माणसाला कुठली वस्तू कुठे होती यावरून पुढचे ताडायला वेळ लागत नाही. दांड्यावरची ओढ कमी झाली. मग ती पुन्हा आली, पण वेगळ्या दिशेने. ढवळ्यांनी दांडा हिसकून घेतला आणि ते पांढऱ्या गाडीकडे चालू लागले. धनंजयनी फोन कानावरून खाली घेतला.

“निकम सर!” उल्हास ओरडला. “धरा त्यांना!”

निकम सर जागचे हलले नाहीत. “पण परकार हरला होता,” ते म्हणाले. उल्हासला नव्हे, हातातल्या हॉल तिकिटांकडे बघत. “हरला होता ना तो?”

आत घंटा झाली. इद्रीसला उभे राहता येत नव्हते. ढवळ्यांच्या मागे धावायचे की याला उचलायचे, या दोन गोष्टी एकाच वेळी होण्यासारख्या नव्हत्या. पेपर सुरू झाल्यावर बाहेर राहिलेल्याला किती वेळ आत घ्यायचे हे ठरवणारे लोक धनंजयचे होते. उल्हासने इद्रीसचा डावा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि त्याला जवळजवळ उचलून फाटकातून आत नेले.

वर्गात मुले जागेवर बसली होती. दोन बाकांच्या अंतरावर रोनित होता. इद्रीसला बाकावर ठेवून उल्हासने प्रश्नपत्रिकांचे पाकीट फोडले. वाटून होण्याआधीच बाहेरून धातूवर धातू आदळल्याचा आवाज आला, मग माणसावर. एक किंकाळी आली. दुसरी आली तेव्हा रोनित उठून उभा राहिला. त्याचा रंग हौदात गेला होता तसाच गेला होता.

“सर, दॅट्स माय डॅड.”

“जा,” उल्हास म्हणाला. “ते ढवळे आहेत. हातात लोखंडी दांडा आहे. आपल्या मुलीच्या डोळ्याबद्दल मारताहेत.”

रोनितने इद्रीसकडे पाहिले. मग तो पोट धरून धावत बाहेर गेला.

आता कुणीतरी पोलिसांना बोलावणार, हे उघड होते. ते येतील, मग दांडा कशासाठी, डोळा कसा गेला, हौद कुणाचा, आणि शेवटी, तो प्लास्टरवाला मुलगा कुठे आहे, त्याचा पासपोर्ट कुठे आहे. हे सगळे याच क्रमाने होईल. किती वेळात होईल हे मात्र सांगता येत नव्हते, आणि पेपर तीन तासांचा होता. इतर पेपरांचे काय होईल याचा विचार करण्यात अर्थ नव्हता. त्यांच्याविषयी हातात काहीच माहिती नव्हती.

उल्हासने दार लावून आतून कडी घातली. इद्रीसच्या तडकलेल्या प्लास्टरखालून रक्त बाकावर येत होते. इद्रीसने उत्तरपत्रिका रक्तापासून दूर, डावीकडे सरकवली, दातांनी पेनचे टोपण काढले आणि आपला बैठक क्रमांक लिहायला सुरुवात केली.